श्रीमंत सदाशिवरावभाऊ आणि घरचा कागद



मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघायची ठरली, तेव्हा चिटणीसबाईंनी मला एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावयास सांगितले. त्यांच्या मनात एखादी संत स्त्री किंवा एखादी राणी असावी. मी सदाशिवरावभाऊंचे नाव सांगितले तेव्हा त्या जरा थबकल्याच. महिला मंडळाच्या अंकात पानिपतच्या सेनापतीचे काय काम, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. हे चरित्र माझ्या मनात कसे शिरले ते आधी सांगते, म्हणजे तुमचीही शंका फिटेल.

१९७१ साली मी शाळेत जाणारी लहान मुलगी होते. माझा धाकटा मामा फौजेत होता आणि त्या हिवाळ्यात तो पूर्वेच्या सरहद्दीवर होता. त्याचा पत्ता म्हणजे त्याचा नंबर, पलटणीचे नाव आणि '९९ एपीओ' एवढाच. तो कोणत्या गावी आहे हे पत्त्यावरून कळत नसे, आणि पत्रातही तो ते लिहीत नसे. लिहायची मुभाच नव्हती. महिन्याकाठी त्याचे निळे अंतर्देशीय पत्र येई. ३ डिसेंबरला लढाई सुरू झाली आणि पत्र येणे थांबले. १६ डिसेंबरला लढाई संपल्याचे रेडिओवर ऐकले, गावात पेढे वाटले गेले, पण आमच्या आजीने पेढा तोंडात घातला नाही. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की ती हातातले काम टाकून उंबऱ्यावर येई. तो मान हलवून पुढे गेला की ती पुन्हा आत जाई. त्या दिवसांत तिने योगेश्वरीची ओटी किती वेळा भरली असेल ते देवीलाच ठाऊक. मामाचे पत्र संक्रांतीच्या सुमारास आले. चार ओळी होत्या, आणि खुशाल आहे एवढाच त्यांतला मजकूर. आजीला वाचता येत नव्हते. तिने ते पत्र माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतले, मग देवापुढे ठेवले आणि नंतर मटकन खाली बसून रडली.

त्या दिवशी ती एक गोष्ट बोलून गेली. आपले भाग्य म्हणून कागद आला, पार्वतीबाईला तो कधीच आला नाही, असे ती म्हणाली. ही पार्वतीबाई कोण, असे मी विचारले, तेव्हा भाऊसाहेबांची बायको, एवढेच तिने सांगितले. पुढे मोठेपणी वाचनाची गोडी लागली, आणि त्या एका वाक्याचा माग घेत मी भाऊसाहेबांपर्यंत पोचले.

भाऊसाहेब पुण्याचे खरे, परंतु त्यांच्या आयुष्याचा मोठा उत्कर्ष आणि त्यांच्या शेवटच्या प्रवासाचा आरंभ, ही दोन्ही आपल्याच मुलखात घडली. उदगीर, औसा, धारूर, परतूर, पैठण ही नावे त्यांच्या चरित्रात पुन्हा पुन्हा येतात. आपण ज्या गावांना लग्नकार्याला जातो, जेथून आपल्या लेकी-सुना येतात, तीच ही गावे.

सदाशिवराव म्हणजे चिमाजीअप्पांचे चिरंजीव आणि थोरल्या बाजीरावांचे पुतणे. त्यांचा जन्म १७३० सालच्या ऑगस्ट महिन्यात झाला. आई रखमाबाई बाळंतपणानंतर महिन्याभरातच वारल्या. आईवेगळे मूल आजी राधाबाईंच्या मांडीवर वाढले. वडील बहुतेक मोहिमांवर. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजीअप्पा वसईच्या मोहिमेत गुंतले होते, तेव्हा हा मुलगा सात-आठ वर्षांचा होता. वडिलांची खुशाली त्याला कळायची ती कोकणातून आलेल्या जासुदाच्या थैलीतूनच. पुढे ज्याने घरच्यांना वाट पाहायला लावली, त्याने लहानपणी स्वतः अशीच वाट पाहिली असली पाहिजे.

१७४० हे वर्ष या घराला फार कठीण गेले. एप्रिलात बाजीराव नर्मदेच्या काठी रावेरखेडी येथे वारले. डिसेंबरात चिमाजीअप्पाही गेले आणि भाऊंची सावत्र आई अन्नपूर्णाबाई सती गेल्या. दहा वर्षांच्या मुलाच्या माथ्यावरचे छत्र आठ महिन्यांत पुरते उडाले. उरली ती वृद्ध आजी आणि चुलतभाऊ नानासाहेब. नानासाहेब दहा वर्षांनी मोठे, नुकतेच पेशवे झालेले. त्यांनी या भावाला पोटच्या मुलासारखे वागविले. रामचंद्रबाबा शेणव्यांसारख्या मुरब्बी माणसाच्या हाताखाली भाऊ हिशेब, कारभार व राजकारण शिकले. वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी त्यांनी कर्नाटकची पहिली स्वारी केली. १७५० साली सांगोल्याचे बंड मोडले, आणि पुढे ते पेशव्यांचे कारभारी झाले.

हा माणूस मूळचा हिशेबाचा. पैसा कोठून येतो, कोठे जातो, कोणाकडे किती बाकी आहे, याकडे त्यांची नजर सतत असे. स्वभाव कडक. काम चुकविणाऱ्याची ते गय करीत नसत, आणि त्यामुळे त्यांना शत्रूही पुष्कळ झाले. पहिली पत्नी उमाबाई तरुणपणीच वारल्या. त्यानंतर पेणच्या कोल्हटकरांची मुलगी पार्वतीबाई या घरात आल्या.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १७५९च्या अखेरीस निजामाशी बिघडले. नगरचा किल्ला पेशव्यांच्या हाती आला आणि भाऊसाहेब फौज घेऊन मराठवाड्यात उतरले. सोबत इब्राहीमखान गारद्याचा तोफखाना होता. उदगीरजवळ निजामाच्या फौजेला वेढा पडला. तेथून निसटून धारूरकडे सरकावे आणि तिकडच्या आपल्या फौजेला मिळावे, असा निजामाचा बेत होता. धारूर म्हणजे आपल्या अंबाजोगाईच्या शेजारचेच. परंतु त्याला तेथवर पोचू दिले नाही. ३ फेब्रुवारी १७६० रोजी औशाच्या बाजूस निर्णायक लढाई झाली. निजामाने तह केला, साठ लाखांचा मुलूख दिला आणि त्यात दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर यांसारखी ठिकाणे आली. भाऊंचे वय तेव्हा अवघे एकोणतीस.

या विजयाचा आनंद चार दिवसही पुरता भोगता आला नाही. १० जानेवारीला दिल्लीजवळ यमुनेच्या काठी, बुराडीच्या घाटावर दत्ताजी शिंदे मारले गेल्याची बातमी दक्षिणेत येऊन पोचली. अहमदशहा अब्दाली उत्तरेत ठाण मांडून बसला होता. परतूर येथे पेशव्यांचा तळ पडला आणि मसलत झाली. उत्तरेच्या आधीच्या स्वारीत राघोबादादांनी मुलूख पुष्कळ फिरला, पण कर्जही मोठे करून आणले होते. म्हणून या वेळी हिशेबी माणूस पाठवावा असे ठरले. नावाला सेनापती नानासाहेबांचा अठरा वर्षांचा मुलगा विश्वासराव, आणि सारी जोखीम भाऊंच्या शिरावर. मार्च १७६०च्या मध्यास परतूरचा तळ हलला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पार्वतीबाई पतीबरोबर निघाल्या. काशी, प्रयाग, मथुरा पाहावी म्हणून कितीतरी यात्रेकरू, म्हातारीकोतारी माणसे, बायका फौजेच्या आधाराने चालू लागल्या. पुढे नाना फडणवीस म्हणून प्रसिद्धीस आलेला अठरा वर्षांचा तरुण आपल्या आईला आणि बायकोला घेऊन त्यातच होता.

परतूरला दोघा भावांनी एकमेकांचा निरोप घेतला. ती त्यांची शेवटची भेट ठरली. यापुढे त्यांच्यात जे काही बोलणे झाले ते कागदावरच.

त्या वेळी पत्राला कागदच म्हणत. हा कागद घरी कसा येई, ते आजच्या मुलींना सांगितले पाहिजे. छावणीत कारकून बोरूने मोडीत मजकूर लिहीत. कागद हाती केलेला. आपल्याकडे दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात असा कागद तयार होत असे. मुख्य मजकूर राजकारणाचा, आणि काही निराळे, आतले लिहावयाचे असले तर त्याची पुरवणी जोडत. मग तो थैलीत घालून जासुदांच्या जोडीच्या हाती देत. जोडी अशासाठी की एक आजारी पडला, बुडाला किंवा मारला गेला तर दुसऱ्याने पोचवावा. घाईचे काम असले तर सांडणीस्वार, म्हणजे उंटावरचा हलकारा, जाई. नर्मदा, चंबळ ओलांडून, रानावनांतून, चोरांच्या वाटांवरून हा कागद दक्षिणेत येई, त्याला आठवडेच्या आठवडे लागत. उत्तर परत जाईपर्यंत परिस्थिती पार बदललेली असे. म्हणजे भाऊ जो प्रश्न विचारीत त्याचे उत्तर हाती पडेपर्यंत तो प्रश्नच उरत नसे.

सावकारांची डाक याहून निराळी होती. त्यांचा सारा धंदा हुंडीवर. पैसा येथे भरावा आणि हुंडी दाखवून तो दिल्लीस घ्यावा. त्यासाठी त्यांचे स्वतःचे माणसे धावत असत आणि ती फार वेगाने जात. ही सावकारी डाक लक्षात ठेवा, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

मेअखेर भाऊ ग्वाल्हेरीस पोचले आणि पावसाने गाठले. यमुनेला पूर आला. नदी उतरून अब्दालीवर चालून जाण्याचा बेत पाण्यात अडकला. त्या दिवसांतले भाऊंचे कागद आज आपल्याला वाचावयास मिळतात. त्यांत गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेले पुष्कळ आहेत. गोविंदपंत तिकडच्या मुलखातले कमाविसदार. भाऊ त्यांना नावा गोळा करावयास सांगतात, वसूल धाडण्यास सांगतात, शुजाउद्दौल्याला अब्दालीकडे जाऊ देऊ नका म्हणून बजावतात आणि पुन्हा पुन्हा पैसा मागतात. मी ते वाचू लागले तेव्हा मला रणधुरंधर सेनापतीपेक्षा खर्चाची तोंडमिळवणी करता करता मेटाकुटीस आलेला घरकर्ताच अधिक दिसला. महिनाअखेर वाण्याची उधारी, मुलांची फी आणि घरभाडे एकाच पगारात बसविणाऱ्या बाईला हे कागद चटकन समजतील.

ऑगस्टच्या आरंभी दिल्ली हाती आली. परंतु तिजोरीत काही नव्हते. फौजेला द्यावयास पैसा नाही म्हणून दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली. सुरजमल जाट रुसून निघून गेला. बायकामुले आणि जड सामान मागे सुरक्षित ठेवून हलक्या फौजेनिशी लढावे, असा सल्ला त्याने दिला होता आणि भाऊंनी तो मानला नाही, असे सांगतात. १७ ऑक्टोबरला दिल्लीच्या उत्तरेस कुंजपुऱ्याचे ठाणे भाऊंनी जिंकले. तेथे धान्य आणि पैसा सापडला, आणि दत्ताजींच्या मृत्यूचा सूडही घेतला गेला. ही आनंदाची वार्ता दक्षिणेत पोचली. घरच्यांना मिळालेली ती शेवटची मोठी शुभवार्ता.

ऑक्टोबरच्या शेवटी अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला. भाऊ दिल्लीच्या उत्तरेस, आणि आता अब्दाली त्यांच्या व दिल्लीच्या मध्ये. नकाशा डोळ्यांपुढे आणला म्हणजे या एका गोष्टीचा अर्थ कळतो. मराठ्यांची घरची वाट अब्दालीने अडविली होती आणि अब्दालीची घरची वाट मराठ्यांनी. दोन्ही फौजा आपापल्या घराकडे पाठ करून नव्हे, तर घराकडे तोंड करून एकमेकींसमोर उभ्या होत्या. घरी जायचे तर समोरच्याला मारूनच जावे लागणार होते.

पानिपताला खंदक खणून भाऊंनी तळ दिला. सुरुवातीस काही जासूद निसटून जात. पुढे वाट अधिकाधिक आवळत गेली. डिसेंबरात बळवंतराव मेहेंदळे लढाईत पडले. शत्रूची रसद तोडण्यासाठी दुआबात शिरलेले गोविंदपंत बुंदेलेही त्याच महिन्यात मारले गेले. धान्य संपत आले, वैरण संपली, कडाक्याची थंडी पडली. दक्षिणेकडून मदत येत आहे की नाही हे भाऊंना कळेना, आणि भाऊ कोणत्या हालात आहेत हे नानासाहेबांना कळेना.

याच सुमारास नानासाहेब कोठे होते? आपल्याच मुलखात, गोदावरीकाठी पैठणला. डिसेंबरच्या अखेरीस तेथे त्यांचे दुसरे लग्न झाले. इतिहासकारांनी या लग्नावरून त्यांना पुष्कळ बोल लावले आहेत आणि त्यात तथ्यही आहे. भाऊ उपाशी, आणि हा लग्नाच्या पंक्तीत, असे चित्र डोळ्यांपुढे येते आणि राग येतो. पण मला त्यात दुसरी गोष्टही दिसते. ज्या घरी कागद येत नाही ते घर दोनपैकी एक करते. आमच्या आजीसारखे उंबऱ्यावर बसून राहते, नाहीतर सारे ठीकच असेल असे मनाला समजावून रोजच्या कामाला लागते. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला निर्दय म्हणणे सोपे आहे. खरे म्हणजे त्यालाही काही ठाऊक नसते. लग्न आटोपून नानासाहेब फौज घेऊन उत्तरेस निघाले, पण फार उशीर झाला होता.

१४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असा निश्चय करून मराठे सकाळी बाहेर पडले. इब्राहीमखानाच्या तोफांनी प्रथम मोठी कामगिरी केली. दुपारी विश्वासरावांना गोळी लागली आणि ते पडले. भाऊंनी त्यांना हत्तीवर पाहिले, मग स्वतः घोड्यावर बसून गर्दीत शिरले. त्यानंतर त्यांना ओळखीच्या माणसांनी जिवंत पाहिले नाही. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने पुढे लिहून ठेवले आहे की विश्वासरावांचे शव सापडले, आणि एक शिर नसलेले धड अंगावरच्या खुणांवरून भाऊंचे म्हणून ओळखून त्यावर अग्निसंस्कार झाले. पण ही ओळख पटविणारे घरचे कोणी नव्हते, आणि शंकेला जागा राहिली ती राहिलीच.

नानासाहेब २४ जानेवारीस भेलशाला, म्हणजे आजच्या विदिशेला, येऊन पोचले. लढाई होऊन दहा दिवस झाले होते. तेथे त्यांच्या माणसांनी एका सावकाराचा हलकारा अडविला. तो उत्तरेहून औरंगाबादेस चालला होता. त्याच्याजवळचा कागद उघडला. त्यात सावकारी संकेताची भाषा होती. दोन मोती विरघळले, मोहरा गमावल्या, आणि चांदी-तांब्याच्या नाण्यांची तर गणतीच नाही, अशा अर्थाचा तो मजकूर होता. दोन मोती कोणते, हे बापाला आणि भावाला कोणी समजावून सांगावे लागले नाही. भाऊंचा कागद दहा महिने ज्या वाटेने येत होता, त्या वाटेवर शेवटी भाऊंचा कागद आला नाहीच. आला तो दुसऱ्याच्या नावाचा, पैशाअडक्याच्या भाषेतला, आणि तोही अडवून उघडलेला.

नानासाहेब या धक्क्यातून उठले नाहीत. काही दिवस माळव्यात काढून ते पुण्यास परतले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर वारले. गोपिकाबाईंनी पाच महिन्यांत मुलगा आणि पती दोन्ही गमावले.

आणि पार्वतीबाई? रणधुमाळीतून विश्वासू माणसांनी त्यांना बाहेर काढले. रुसून गेलेल्या सुरजमलाने आणि त्याच्या राणीने या वेळी जुने सारे विसरून पळून आलेल्या माणसांना अन्न दिले, वस्त्रे दिली, जखमींना औषधपाणी केले. नाना फडणविसांची आई त्या गोंधळात हरवली ती पुन्हा मिळाली नाही. पत्नी मात्र सुखरूप परत आली. पार्वतीबाई ग्वाल्हेरमार्गे दक्षिणेस आल्या. परतूरहून त्या निघाल्या तेव्हा पतीबरोबर होत्या. परत आल्या तेव्हा एकट्या, आणि आता पाळी त्यांची होती. आजवर भाऊंच्या कागदाची वाट नानासाहेबांनी पाहिली, येथून पुढे ती पार्वतीबाईंनी पाहिली.

पती गेले, हे त्यांनी मान्य केले नाही. कोणी डोळ्यांनी पाहिलेले नाही, तेव्हा मी विधवा नाही, अशी त्यांची धारणा होती. कुंकू पुसले नाही, केस उतरविले नाहीत. त्या काळच्या रूढीचा जोर लक्षात घेतला म्हणजे यासाठी केवढी हिंमत लागली असेल ते कळते. घरच्यांनीही त्यांना तसे राहू दिले. काहींना ते वेडेपण वाटते. मला तसे वाटत नाही. ज्या बाईला निश्चित काही कळलेले नाही, तिने दुःख कोणत्या दिवशी सुरू करावे?

या आशेचा गैरफायदा घेणाराही निघाला. सुखलाल नावाचा उत्तरेकडचा एक कनोजी ब्राह्मण आपण भाऊसाहेब आहोत असे सांगू लागला. माधवराव पेशव्यांच्या वेळी त्याला पकडून किल्ल्यावर कैदेत ठेवले होते. १७७६ साली तो रत्नागिरीहून सुटला, कोकणात त्याने फौज जमविली आणि कितीतरी माणसे त्याच्यामागे गेली. लोकांना भाऊ परत यावेसे वाटत होते, म्हणूनच ते फसले. शेवटी त्याला धरून पुण्यास आणले, चौकशी झाली, तोतया ठरला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस देहान्ताची शिक्षा झाली. त्या काळात पार्वतीबाईंच्या मनात काय चालले असेल, हे कोणत्याही बखरीत नाही. प्रत्येक नव्या आवईबरोबर मन एकदा उभे राहत असेल आणि पुन्हा खाली बसत असेल. पोस्टमनला पाहून आजी उठायची आणि बसायची, ते मी महिनाभर पाहिले. पार्वतीबाईंचे ते कित्येक वर्षे चालले.

पण त्या नुसत्या वाट पाहत बसल्या नाहीत, हे सांगितल्याशिवाय त्यांच्यावर अन्याय होईल. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी तिला सुरक्षिततेसाठी पुरंदरावर नेले, तेव्हा सोबतीला वडीलधारी बाई म्हणून पार्वतीबाई गेल्या. तेथे सवाई माधवरावांचा जन्म झाला. १७७७ साली गंगाबाईही वारल्या आणि ते पोर आईबापांविना राहिले. पार्वतीबाईंनी त्याचा सांभाळ केला. आईवेगळ्या भाऊंना आजी राधाबाईंनी वाढविले होते, आणि भाऊंच्या पत्नीने दुसऱ्या आईवेगळ्या मुलाला वाढविले. पार्वतीबाई १७८३ साली वारल्या. पानिपतानंतर बावीस वर्षे त्या जगल्या.

भाऊसाहेबांना पुढल्या पिढ्यांनी गर्विष्ठ म्हटले, हट्टी म्हटले. पराभूताच्या माथी सारे दोष मारणे हा जगाचा नियमच आहे. १८९८ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. वाई येथे एका घरात सापडलेले पानिपतच्या काळातले कागद त्यात छापले आहेत. ते कागद वाचल्यावर भाऊंकडे लोक निराळ्या नजरेने पाहू लागले. राजवाड्यांनी दोष गोविंदपंत बुंदेले व मल्हारराव होळकर यांच्याकडे दिला. तो सारा पुढच्या अभ्यासकांना पटला असे नाही. शेजवलकरांसारख्यांनी वेगळी मतेही मांडली. भाऊंच्या चुका झाल्याच. सुरजमलाला त्यांनी दुरावू द्यावयास नको होते, यात्रेकरूंचा भार सोबत नेऊ द्यावयास नको होता, आणि शत्रू नदी उतरत असता त्याला रोखावयास हवे होते. पण गर्वाने आंधळा झालेला माणूस असे कागद लिहीत नाही. हा माणूस दिवसरात्र हिशेब करीत होता, मदत मागत होता आणि घराशी लागलेला धागा तुटू नये म्हणून धडपडत होता.

जरा विचार करा. त्या वाईच्या घरात कोणीतरी ती रुमाले नीट बांधून ठेवली. वाळवीपासून, पावसापासून सव्वाशे-दीडशे वर्षे जपली. एखाद्या साफसफाईच्या दिवशी घरातल्या एखाद्या बाईने ती जुनी कागदपत्रे बंबात घातली असती, तर भाऊसाहेब आजही नुसते गर्विष्ठच राहिले असते.

म्हणून माझी मंडळातल्या सर्व भगिनींना आणि शेजारणींना एक विनंती आहे. आपल्या गावात आणि आसपासच्या खेड्यांत फौजेत गेलेल्या मुलांची घरे कितीतरी आहेत. आता मुले मोबाईलवर बोलतात, तोंड दिसते, ही फार चांगली गोष्ट झाली. पण ज्या ठाण्यावर फोन लागत नाही तेथे आजही आठ-आठ दिवस आवाज ऐकू येत नाही, आणि ते आठ दिवस त्या घरच्या बाईला फार लांब जातात. अशा वेळी तिला धीराच्या मोठमोठ्या गोष्टी सांगू नयेत. तिच्या ओट्यावर जाऊन बसावे, चहा प्यावा, भाजी निवडू लागावी. आमच्या आजीकडे शेजारच्या दोघी त्या डिसेंबरात रोज दुपारी येत. त्या मामाचे नावही काढीत नसत, पण त्या आल्या नाहीत असा दिवस गेला नाही. आजीने पुढे मरेपर्यंत त्यांचे नाव घेतले.

आणि दुसरी विनंती अशी की जुन्या पेटीच्या तळाशी एखादे निळे अंतर्देशीय, एखादे पिवळे पडलेले पोस्टकार्ड सापडले, तर ते फेकू नका. त्यावर फक्त खुशाल आहे एवढेच लिहिले असेल. तेवढ्याचसाठी कोणीतरी उंबऱ्यावर बसून राहिले होते. आमच्या मामाचे ते चार ओळींचे पत्र माझ्याकडे आहे. आजीने त्यावर वाहिलेल्या हळदीकुंकवाचा डाग अजून गेलेला नाही.